उरलेली तीस पानं

प्रिय आत्या,

तुझ्या दहाव्याला इंझोरीला आले, सगळ्यांसोबत रडले, जेवले आणि तोंड लपवून रिठदला सासरी परतले. बोलायला हवं होतं ते तिथं बोललेच नाही. काल माझी लेक शाळेतून एक जुनी कादंबरी घेऊन आली. तिनं पहिलं पान वाचलं मात्र, माझे कणकेतले हात तसेच राहिले. तीच वं ती, कोकणातल्या नावाड्याची! आपल्या घरी जिला सगळे 'पाण्याचं पुस्तक' म्हणायचे. म्हणून आज लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं, ठाऊक आहे मला. पण जी वाचून दाखवायची तिनंच तुला दगा दिला, त्याचं काय?

बाबा कारंज्याच्या वाचनालयातून असली पुस्तकं बैलबंडीत टाकून आणायचे. घरातल्या बायकांत वाचता येणारी मी एकटी, चौथी पास, आणि काय तो तोरा! दुपारी तू ओसरीवर मूग निवडत बसायचीस आणि मी वाचायचे. माडाची झाडं, होड्या, मासळीचा बाजार. बाजाराचं वर्णन आलं की तू नाकाला पदर लावायचीस. पुस्तकातल्या मासळीला!

"शांते, समुद्र म्हंजे किती मोठा वं? अडाण नदीले पूर येते तेवढा?"

"त्याहून मोठा," मी सांगायचे. जसा काही मी पाहिला होता!

तू का विचारायचीस ते मला कळत होतं. आतोबा मुंबईच्या बंदरावर हमालीला गेले, एक कार्ड आलं आणि मग काहीच नाही. बारा वर्षं होत आली होती. बारा वर्षांत माणूस परतला नाही की त्याचा पुतळा करून क्रियाकर्म उरकायची आपली रीत. सगळं घर तुझ्या मागे लागलेलं, आणि तू कपाळभर कुंकू लावून हटून बसलेली. कादंबरीतला नावाडीही वादळातून परतला नव्हता. त्याची बायको रोज किनाऱ्यावर जाऊन उभी राहायची. तू माझं मनगट धरून म्हणायचीस, "तो येते का नाई, तेवढं सांग मले."

भुलाबाईचे दिवस होते. तीस पानं उरली होती आणि बाहेर पोरी गाणी म्हणायला चल म्हणून हाका मारत होत्या. शेजारी खिरापतीला करंज्या होत्या, त्यांचा वास ओसरीवर येत होता. मी पुस्तक मिटलं.

"बुडाला तो. संपलं."

"अवं, इतकी पानं राह्यली ना?"

"त्या जायराती हायेत, आत्या."

किती सहज बोलून गेले! तू सूप खाली ठेवलंस, न्हाणीत गेलीस आणि डोक्यावरून पाणी घेतलंस. पुस्तकातल्या माणसाचं सुतक धरून! मी ते पोरींना सांगितलं, आणि आम्ही करंज्या खात पोट धरधरून हसलो. हे लिहितानाही मला मेल्याहून मेल्यासारखं होतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेली पानं चोरून वाचली. नावाडी परत आला होता. असल्या पुस्तकांत तो येतोच, माझी दहा वर्षांची लेकही सांगेल. मी धावत तुझ्याकडे आले, तर तू बाबांपुढे बसली होतीस.

"भाऊ, करून टाक त्याईचं," तू म्हणत होतीस. "पुस्तकातला नाई आला, तं माहा कुठून येईन?"

आजीनं तुझ्या पाठीवरून हात फिरवला. "शायनी झाली माही लेक." सगळं घर सुटल्यासारखं झालं होतं आणि मी दारात उभी. एक शब्द बोलले असते तर! बाबांच्या माराला भ्याले. आठ दिवसांनी पुतळा जळला. तुझ्या बांगड्या फोडल्या तेव्हा मी गोठ्यात जाऊन कानात बोटं घालून बसले.

आतोबा पुढेही कधी आले नाहीत. बरीच वर्षं मी स्वतःची तीच समजूत घालत आले. पण वाट पाहायची की सोडायची, हे तुझं तू ठरवायचं होतंस ना! मी दोन करंज्यांपायी ठरवून टाकलं.

आणि तू तरी कशी! माझ्या पहिल्या बाळंतपणात माझ्या पायांना तेल चोळता चोळता विचारलंस, "त्या नावाड्याच्या बायकोचं मंग काय झालं वं?" मी म्हटलं, आठवत नाही. तू माझ्याकडे बघत राहिलीस, मग पुन्हा तेल चोळायला लागलीस. कळलं होतं का तुला? मग दोन थोबाडीत काहून नाही ठेवून दिल्या? काहून सोडलं मले?

येत्या भुलाबाईला मी माहेरी येणार आहे, पुस्तक घेऊन. त्याच ओसरीवर आईला, काकूला, शेजारणींना बसवीन. बाबांनाही बोलावीन. आधी माझं खोटं सांगेन, मग ती तीस पानं मोठ्यानं वाचीन. एक ओळ गाळणार नाही. कोणी हसो, कोणी तोंडावर थुंको, शेवटापर्यंत वाचीन.

तो आला होता, आत्या. आणि ती किनाऱ्यावरच उभी होती, कपाळभर कुंकू लावून.

तुझी खोटारडी
शांता