धूळ बसू नये म्हणून

३ फेब्रुवारी, सोमवार

हे आजही संध्याकाळी "वर जाऊन येतो" म्हणून निघाले. या वयात माणसाने असं बोलू नये, हे किती वेळा सांगायचं? वर म्हणजे वरच्या मजल्यावरच्या डेंटिस्टकडे. ते विधुर आणि रिटायर्ड, घरात एक मांजर. त्यांच्याकडे टिफिनच्या डब्याएवढे दोन स्पीकर आहेत. त्यांच्यासमोर हे दोघे रेकॉर्ड लावून बसतात. आमच्या हॉलमध्ये कमरेएवढे दोन स्पीकर उभे असताना.

आज स्पष्टच विचारलं, घरात काय कमी आहे. म्हणाले, "आपल्याकडे गाणं पांघरुणातून आल्यासारखं येतं."

अर्थ उघड आहे. स्पीकर म्हातारे झाले.

वास्तविक त्यांची निगा मी राखली तशी कोणी पोटच्या पोरांची राखत नाही. दोघांना क्विल्टेड कव्हरं, आतून दुहेरी अस्तर, खाली इलॅस्टिक. कॉन्व्हेंटमध्ये शिवणकामाचं पहिलं बक्षीस मला उगाच मिळत नव्हतं. पुढे लायब्ररीतही तेच. मी हेड लायब्रेरियन होते तोवर ब्राउन पेपरचं कव्हर घातल्याशिवाय एक पुस्तक शेल्फावर गेलं नाही. पुस्तकांची नावं दिसत नाहीत, अशी लोकांची कुरकुर असे. उघडून बघावं. हात मोडले होते का?

निर्णय: नवे स्पीकर घ्यायचे. हाय-एंड. महिन्याभरात हे संध्याकाळी स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत बसलेले दिसतील.

५ फेब्रुवारी, बुधवार

लेकीला फोन केला. ती म्हणाली, आई, आधी ती कव्हरं काढून ऐकून बघ. हिचं हे असं, मुद्द्यावर कधी राहायचंच नाही. दोन वर्षांपूर्वी यांनीही हेच सुचवलं होतं. तेव्हाच उत्तर दिलंय. धूळ कोण पुसणार?

वडिलांवर गेलीय.

८ फेब्रुवारी, शनिवार

शोरूमला गेलो. हे यायला तयार नव्हते, पण आले. गालिचा, मंद दिवे, दोनच खुर्च्या. दंतवैद्याकडे असतो तसा सगळा थाट, यांना त्याची सवय आहेच.

स्पीकर मात्र सगळे उघडे. पुढच्या जाळ्यासुद्धा काढून ठेवलेल्या. इतकी महागडी वस्तू आणि वर धुळीचा थर. मी सेल्समनला बोलून दाखवलं. केसांचा बुचडा बांधलेला माणूस. तो म्हणाला, डोळे मिटा आणि गाणारी बाई कुठे उभी आहे ते सांगा. मी डोळे किलकिले ठेवून पाहिलं, तो मोबाइल बघत होता.

पण ऐकलं ते ऐकलं. सुरू करण्याआधी बाई श्वास घेते. ही रेकॉर्ड आमच्याकडे लग्नापासून आहे आणि तिने श्वास घेतलेला मी कधी ऐकला नव्हता. मी लगेच यांना सांगायला लागले, तर तो बुचडेवाला म्हणतो, "मॅडम, गाणं संपल्यावर बोलूया." ज्या बाईने तीस वर्षं लायब्ररीत अख्ख्या गावाला गप्प बसवलं तिला. मॅनर्स नाहीत.

यांनी डोळे मिटले होते. चेहरा असा की मी पुढे बोललेच नाही. हे माझ्या शेजारी बसून एवढा वेळ काही ऐकताहेत, असं अलीकडे झालं नव्हतं.

तीन जोड्या ऐकल्या. पहिली उत्तम, पण माथा गोल. त्यावर कव्हर बसणार कसं? बाद. दुसरी यांना फार आवडली. तिला पाठीमागे एक मोठं भोक, ते म्हणे मोकळं ठेवावं लागतं. बाद. तिसरी अगदी चौकोनी, कपाटासारखी. टेपने चारी बाजू मोजून घेतल्या. सेल्समन खूश झाला. मॅडम खोलीचा विचार करून निवडतात, असं यांना म्हणाला. हे छताकडे बघत राहिले.

तिसरी घेतली. एफडी मोडली. संसारात कुठे खर्च करायचा ते मला कळतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

कव्हरं शिवून तयार. काळी मखमल, मध्ये कापसाचा थर, आत जुन्या चादरीचं अस्तर. कडेला पायपिंग. कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी पाहिली असती तर वर्गभर फिरवून दाखवली असती.

यांना दाखवली. छान आहेत म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

२२ फेब्रुवारी, शनिवार

स्पीकर आले. बुचडेवाल्याने स्वतः येऊन जोडले. एक इंच पुढे, एक इंच मागे, असं करत सकाळ घालवली. मग रेकॉर्ड लावली. काय सांगू. बाई हॉलमध्ये येऊन उभी राहिली, श्वासासकट. हे खुर्चीत बसले आणि चहा गार झाला तरी उठले नाहीत.

जिंकले.

बुचडेवाला गेल्यावर मी कव्हरं घातली. मापात तसूभर फरक नाही.

संध्याकाळी यांनी पुन्हा तीच रेकॉर्ड लावली. बसले. कव्हरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीखालच्या चपला पायाने ओढून घेतल्या आणि म्हणाले, "वर जाऊन येतो."

स्पीकरच्या आवाजात खरंच दम नव्हता. मीही ऐकलं. बाईचा श्वास गेला होता. सकाळी दाखवायचं एक आणि संध्याकाळी वाजायचं दुसरंच. याला फसवणूक म्हणतात.

२४ फेब्रुवारी, सोमवार

शोरूमला फोन. चांगलं फैलावर घेतलं. बुचडेवाला विचारतो, स्पीकरच्या समोर काही ठेवलंय का? समोर काही ठेवायला मी मूर्ख नाही, असं सांगितलं. कव्हर चारी बाजूंनी आहे, नुसतं समोर नाही. त्यामुळे तो विषय निघाला नाही.

तो म्हणाला, नवे स्पीकर मुरायला वेळ लागतो. लोणचं आहे का?

जुनी जोडी वाटेत अडगळ झाली होती. ती डेंटिस्टना देऊन टाकली. यातही डोकं चालवलं आहे. आमचे खराब स्पीकर वर गेले की वरचं गाणंही खराब होणार. मग हे कशाला जातील तिकडे? कव्हरं आठवणीने बरोबर दिली. काढायची नाहीत, दोन महिन्यांनी धुवायची, असं बजावलं. डेंटिस्टनी मान डोलावली. आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडात हात घातल्याने त्यांना स्वतः बोलायची सवय नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

हे जेवायची वेळ टळली तरी वरच. बोलवायला फोन केला. डेंटिस्टनी उचलला आणि एवढंच म्हणाले, "रेकॉर्डची बाजू संपली की पाठवतो."

शाळेतल्या मुलासारखं. पाठवतो म्हणे.

एकटीने जेवले. नवे स्पीकर समोर, काळ्या मखमलीत. फार देखणे दिसतात. बुरख्यातल्या दोन बायकांसारखे बघत उभे असतात.

२ मार्च, रविवार

संध्याकाळी खिडकी उघडी होती. वरून गाणं आलं. शब्द न शब्द स्पष्ट. डेंटिस्टनी परस्पर नवे स्पीकर आणले आणि आमची भेट अडगळीत टाकली, याची खात्री पटली. निदान कव्हरं तरी परत मागावीत म्हणून वर गेले.

दार उघडंच होतं. आमचे जुने स्पीकर. तेच दोघे, उघडेबोडके. एका कव्हरात मांजर झोपलेलं, दुसऱ्यावर त्याची वाटी.

मी तोंड उघडलं होतं. डेंटिस्टनी ओठांवर बोट ठेवलं. अगदी मी लायब्ररीत ठेवायची तसं. यांनी बाकावर सरकून जागा केली.

बसले. दुसरं काय करणार? पुढचं गाणं सुरू होण्याआधी बाईने श्वास घेतला. आमच्या जुन्या, म्हाताऱ्या, खराब स्पीकरमधून.

बाजू संपेपर्यंत बसले. जिना उतरताना हे हसले नाहीत. तेवढे मॅनर्स आहेत.

४ मार्च, मंगळवार

मखमलीची कव्हरं धुवायला काढली. आठ-दहा दिवसांतच मळली होती. ओली मखमल, त्यात कापूस. वाळायला बराच वेळ लागेल, असं लेकीला फोनवर सांगितलं. ती खोकल्यासारखं काहीतरी करत होती.

संध्याकाळी डेंटिस्ट खाली आले, मांजर घेऊन. हे आपल्या खुर्चीत. वर जायचं नाही का, असं मी विचारणार होते, पण रेकॉर्ड चालू झाली होती.

स्पीकरवर धूळ बसलीय. इथून दिसते. बाजू संपली की पुसेन.