मूळ किती, नंतरचं किती

६ जानेवारी

दौंडहून आत्ता आले. गिटार पलंगावर आडवी ठेवली आहे. भिंतीला टेकवायची भीती वाटते.

लीलाकाकू रेल्वे कॉलनीच्या मागे दोन खोल्यांत एकट्या राहतात. मिस्टर, जॉनकाका, गार्ड होते. नाताळात ही गिटार गळ्यात अडकवून घरोघर गाणी म्हणत फिरायचे. आठ वर्षांपूर्वी हिचा ब्रिज उचकटला, तारा जिथे खाली अडकतात ती पट्टी. कुणा ओळखीच्या हाती शिरूरला दुरुस्तीला पाठवली. ती इकडे असतानाच काका गेले. ड्यूटीवर, छातीत कळ येऊन.

"परत आली ती ही नव्हेच," काकू म्हणाल्या. "बदलली दुकानदाराने. आमची अशी चकचकीत नव्हती, आवाजही असा नव्हता. आठ वर्षं मी खोळीतून काढली नाही. लोक म्हणतात, लीलाबाईंचं डोकं फिरलं. तू जाणकार आहेस म्हणे. तू एवढंच सांग, ही त्यांची आहे का नाही."

कुठलं दुकान, विचारलं. "ते त्यांनाच माहीत."

तेव्हा शिरूरमध्ये वाद्यं दुरुस्त करणारी दुकानं दोनच. एक आमचं, आप्पांचं पेटीचं. हे मी तिथे बोलले नाही. बोलायला हवं होतं. चहा घेतला, बिस्किटं खाल्ली, आणि बोलले नाही.

आप्पा मांडवगणला आत्याकडे, सप्त्याच्या पेट्या लावायला गेलेत. शनिवारी येतील. फोन करून विचारता येईल. पण त्यांनी आधी सांगितलं तर मला तेच दिसायला लागेल. आधी आपण बघायचं.

७ जानेवारी

वहीत दोन रकाने पाडले. मू. म्हणजे मूळ, नं. म्हणजे नंतरचं.

मान – मू. फ्रेट, मानेवरच्या आडव्या पट्ट्या – मू. पहिल्या तिघांना तारेच्या खोल खाचा, पुढच्या जवळजवळ कोऱ्या. साधे कॉर्ड वाजवणारा माणूस, पण भरपूर वाजवलेलं.

खुंट्या – नं. नव्या पत्र्याखालून जुन्या पत्र्याची फिकट सावली डोकावते. स्क्रूची जुनी भोकं आगपेटीच्या काड्यांनी बुजवलेली. काकूंना फोन केला. म्हणाल्या, हो, काकांनी पुण्याहून आणून स्वतः बसवल्या, एक बोट कापून घेतलं होतं. म्हणजे नं. आहे, पण त्यांचंच. मग रकाना चुकीचा का? रकाना बरोबर आहे, मी उगाच गुंतागुंत करते.

ब्रिज – नं. सागवान. दोन्ही टोकांना लाखेचे ठिपके, खाली स्क्रू असणार. गिटारला सागाचा ब्रिज कोण घालतं? पेटीवाला घालतो.

हे वाक्य खोडलं, मग परत लिहिलं.

८ जानेवारी

सणसवाडीच्या कंपनीतला बिनोद त्याची गिटार न्यायला आला होता. आत डोकावला आणि काकूंची बघून म्हणाला, "दीदी, ये गिटार है कि हारमोनियम? इतना चमकता क्यों है?" मी हसले. तो गेल्यावर हसू आलं नाही.

पिकगार्डचा कोपरा, म्हणजे भोकाशेजारच्या काळ्या प्लास्टिकचा, आधीच सुटलेला होता. उचलण्याआधी काकूंना विचारलं. "अगं उचल की, दर वेळी काय विचारतेस?" तरी विचारलं ते बरं.

खाली मधाच्या रंगाचं जुनं लॅकर. बारीक तडे, पण कारखान्याचं, मूळ. त्याच्या कडेला पायरीच आहे. प्लास्टिक जिथे संपतं तिथून पुढे फळी किंचित खाली जाते आणि चकाकायला लागते. स्पिरिटचा बोळा घेतला. झाकलेल्या भागावर काही नाही. खालच्या कडेला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, लगेच चिकट. चपडा, स्पिरिटमध्ये विरघळणारी लाख.

म्हणजे वरची फळी लाकडापर्यंत खरवडून पेटीसारखं चपड्याचं पॉलिश दिलं आहे. पिकगार्ड काढायचा त्रास कुणी घेतला नाही, म्हणून तेवढं राहिलं.

वरचं पॉलिश – नं.

हात तीनदा धुतले. चपड्याचा वास जात नाही. या वासात मी वाढले, मला तो इतकी वर्षं आलाच नव्हता.

९ जानेवारी

काकूंनी फोनवर फोटो पाठवला. नाताळ, काका मधे, लाल मफलर, तोंड उघडं, बहुतेक गाताहेत. मोठा करून बघितला. ब्रिजच्या डावीकडे लाकडात काळसर नस आहे, मधेच वळलेली, बोट मोडल्यासारखी. पलंगावरच्या गिटारवर तीच नस, तिथेच, थोडी फिकी. बाकी सगळं बदलता येतं, लाकडातली नस कुणाला बदलता येत नाही.

तीच आहे. त्यांचीच आहे.

फोन हातात घेतला आणि ठेवला.

कारण फोटोत भोकाच्या खाली तळहाताएवढा काळपट डाग आहे. हात घासून घासून झालेला. काकू "अशी नव्हती" म्हणतात ते याला. आता तिथे काही नाही. एवढंच विचारलं होतं त्यांनी, त्यांची आहे का नाही. "आहे" म्हणून फोन ठेवला तर ते खोटं नाही. पण डाग कुठे गेला, हे त्या विचारणारच. आणि नाही विचारलं तरी मला माहीत आहे.

दुपारी खिडकीतल्या तिरप्या उन्हात धरली. पॉलिशखाली खरवडल्याच्या रेघा दिसतात. काचेच्या तुकड्याने खरवडलं की उमटतात तशा, सगळ्या डावीकडे कललेल्या. डावऱ्या हाताच्या. दुकानातल्या दोन पेट्यांची झाकणं उन्हात नेऊन बघितली. त्याच रेघा.

आप्पा डावरे आहेत.

कडांवर मात्र वेगळ्या. पेपरने घासलेल्या, आखूड, उजव्या हाताच्या. त्याबद्दल आज काही लिहीत नाही.

११ जानेवारी

आप्पा आले. चहा होऊ दिला. मग गिटार पुढे ठेवली. त्यांनी उचलून उजेडाकडे धरली आणि हसले.

"आरं तिच्या! ही तर दौंडच्या गार्डाची. तुला कुठं घावली?"

"ब्रिज तुम्ही घातलात?"

"व्हय. जुना पार उकलला व्हता. सागाचा घातला, म्हून तर टिकलाय."

"आणि फळी खरवडलीत?"

"मग? भोकापाशी हे एवढं काळं झालं व्हतं. हाताचा मळ नुसता. आपल्याकडनं वस्तू जाती ती नवी होऊनच जाती. पेटी काय आन् गिटार काय."

"त्यांनी सांगितलं होतं का?"

"पालिशचं कोण सांगतं गं? ते आपल्या मनाचं." मग तिला मांडीवर आडवी घेतली, पेटी घेतात तशी. "पयलं साधंच केलं व्हतं, दोन हात. तवर निरोप आला, गार्डसायेब वारलं म्हून. मनात आलं, आता ही त्या बाईच्या हातात जाणार. तवा पुन्यांदा खरवडली. डाग बुडापासनं काढला. सात-आठ हात दिलं, आरशावानी केली. पैकं घेतलं न्हाईत."

मी काकूंचं सांगितलं. आठ वर्षं खोळीत. चोरी. आप्पा ऐकत होते आणि अंगठ्याने फळी पुसत होते. "चोर म्हनली?" एवढंच दोनदा म्हणाले.

मग आई म्हणाली, जेवायला चला. उठताना आप्पा म्हणाले, "कडा तर तूच घासल्या की. तवा तुझा हात लई हलका व्हता."

कौतुकाने म्हणाले.

१२ जानेवारी

मला आठवत नाही. चौदा वर्षांची होते. शाळेतून आलं की आप्पा पेपरचा तुकडा हातात द्यायचे, "फुकट बसू नगं, कडा घे." शिकले ती अशीच. किती झाकणं, किती कडा. त्यात ही एक. डाग बघितला असेन का? "आप्पा, हे राहू द्या" म्हटलं असेन का? नसणार. तेव्हा मलाही चकाकलं की छान वाटायचं.

यादी स्वच्छ अक्षरात परत लिहिली. दोन रकान्यांना तिसरा जोडला, कुणी केलं. खुंट्या – जॉनकाका. ब्रिज – आप्पा. वरची फळी – आप्पा. कडा –

लिहिलं.

आप्पांनी यादी वाचली. "माझं नाव घाल, मी काय भितो व्हय? पर खराब केली असं नगं लिहू."

"खराब असा शब्दच नाही आप्पा. फक्त मूळ आणि नंतरचं."

"त्येच झालं की," म्हणाले, आणि बाहेर जाऊन पेटीचा भाता चिकटवायला बसले.

१५ जानेवारी

आप्पा म्हणत होते, करीच्या दिवशी कुठं निघालीस, उद्या जा. उद्या गेले तर परवावर ढकलेन, मला माहीत आहे. त्यांना चला म्हटलं. "माणसं यायची हायती पेटी न्यायला." कुणी यायचं नव्हतं.

आईने काकूंसाठी तिळगूळ दिला. गिटार मांडीवर. न्हावऱ्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी रखडत होती. कंडक्टर म्हणाला, "ताई, लेक मोठी दिसतीया, हाफ तिकीट काढा तिचं." शेजारची बाई पोट धरून हसली.

काकूंना पहिल्यांदा तेच सांगितलं. त्यांचीच आहे. फोटोतली नस दाखवली, त्यांचं बोट धरून लाकडावरून फिरवलं. मग यादी वाचली. "दुकान आमचं," म्हटलं. "वरची फळी माझ्या वडिलांनी. कडा मी."

"तू?"

"चौदा वर्षांची होते."

मी आप्पांचं सगळं सांगितलं. निरोप आल्यावर परत खरवडली तेही. लपवलं नाही, गोडही केलं नाही. निदान मला तसं वाटतं.

काकू खिडकीकडे वळल्या. बाहेर मालगाडी उभी होती.

"आठ वर्षं मी त्या माणसाला चोर म्हटलं," म्हणाल्या. "चर्चमध्ये, शेजारी, सगळ्यांपाशी. चोर असता तर बरं झालं असतं गं. चोराकडे ती कुठेतरी तशीच असती."

मी यादीची घडी घातली.

मग त्यांनी गिटार जवळ ओढली. मला वाटलं खोळीत घालतील. त्या डोळे मिटून भोकाखाली हात फिरवत राहिल्या, भांड्याचा पोचा चाचपावा तशा. एका जागी थांबल्या. "इथं बघ."

बघितलं तर काही नाही. बोट ठेवलं तर आहे. उथळ खळगा, करंगळी टेकेल एवढा. इतक्या वेळा बघून माझ्या हाताला कसा लागला नव्हता? मी डोळ्यांनीच बघत होते.

"करंगळी इथेच टेकवायचे ते," काकू म्हणाल्या. "हे त्यांचं ना? तुझ्या यादीत हे नाही. कुठल्या रकान्यात घालशील?"

डाग जिथे सगळ्यात गडद होता ती हीच जागा. म्हणजे करंगळी टेकून फळी झिजली असेल तर इथेच. आणि आप्पांनी डाग बुडापासून काढला म्हणजे काच सगळ्यात खोल गेली असेल तीही इथेच. मी हे तसंच त्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा बघवला नाही, तरी सांगितलं.

"मग विचार तुझ्या वडिलांना," म्हणाल्या. "खरवडायच्या आधी होता का, एवढंच. तू सांगशील ते मी धरीन. रविवारी प्रार्थनेहून आले की फोन करते."

गिटार त्यांनी ठेवून घेतली. तिळगूळ दिला तो हातात धरूनच होत्या, खाल्ला नाही, खालीही ठेवला नाही.

१६ जानेवारी

आप्पांना विचारलं. हातातलं काम थांबवलं त्यांनी.

"करंगळीएवढा?"

"हो."

"सांग की, व्हता म्हून. तिचं समाधान हुईल. आपलं काय जातंय?"

"पण होता का?"

त्यांनी अंगठ्याने स्वतःच्या करंगळीचं टोक चाचपलं. "पोरी, मला न्हाई आठवत. त्या येळी मी मळ बघत व्हतो."

मग आपणहून म्हणाले, "रविवारी मी बोलू का तिच्याशी?" मी म्हटलं, काय बोलाल? ते परत कामाला लागले.

दुपारी सागाच्या तुकड्यावर काचेने एकाच जागी खरवडून बघितलं. खळगा पडतो. लांबट, होडीसारखा. काकूंकडचा गोल होता. की लांबट? तेव्हा गोल वाटला, आज खात्री नाही. त्या तुकड्यावर डोळे मिटून बोट फिरवलं, आणि दहाव्यांदा तोही गोल लागायला लागला.

माझं बोट म्हणतं, काकांचा आहे. पण त्याचं कसं ऐकू? कडा घासताना त्या फळीवरून ते पूर्वी एकदा फिरलेलं आहे, आणि तेव्हाही त्याला काही कळलं नव्हतं.

यादीत ओळ घातली. भोकाखालचा खळगा. पुढे तिन्ही रकाने कोरे. रविवारी फोन वाजेल तेव्हा मी उचलणार, एवढंच आज लिहिता येतं.