सुकेळीची जाहिरात आणि मयताचं पान

४ मार्च, मंगळवार
क्लिक की जागा? दीपेशने आज पुन्हा डोकं खाल्लं. नालासोपाऱ्यात त्याचं मोबाइलचं दुकान आहे, दोन क्लासवाल्यांच्या ऑनलाइन जाहिराती चालवतो, म्हणून ज्ञान देतो. "बॉस, क्लिकचंच घे. कोणी दाबलं तरच पैसे कापतात. बघणारे फुकट!" दुसरा प्रकार म्हणजे वेबसाइट आपण निवडायची आणि तिथे जागा घ्यायची. हजार वेळा दिसली की ठरलेले पैसे, कोणी दाबो न दाबो. वहीत दोन रकाने आखले. तीनदा खोडले.

आग्नेस मावशीच्या बांबूच्या मांडवात साठ किलो सुकेळी होतील. सोललेली राजेळी केळी, रोज उन्हात वाळवायची, रोज उलटायची. काल ती सरळ म्हणाली — "यंदा माल उरला तर पुढच्या वर्षी मांडव नाही. व्यापारी मातीच्या भावाने नेतो. आणि करू कोणासाठी? ॲल्रॉय खायला येणार आहे?" ॲल्रॉय तिचा मुलगा, कॅनडात. वाडीचा तुकडा विकण्यावरून भांडून गेला. सहा वर्षं फोन नाही.

मांडव नाही तर सांडोर गावात मला काम नाही. म्हणजे पुन्हा गोखिवऱ्याच्या गाळ्यात खोकी चिकटवायची. नको!

६ मार्च
क्लिक घेतलं. मजकूर चारदा तपासला. ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर.

७ मार्च
सकाळी सव्वानऊला दिवसाचे पैसे संपले! एकशे बारा क्लिक. ऑर्डर — शून्य. दीपेश म्हणतो, "कोणीतरी दुश्मन आहे तुझा."

९ मार्च, रविवार
दुश्मन सापडला. माझी आई!

मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायरीवर बायकांना सांगत होती — "आमच्या जेन्सनची जाहिरात आहे. रोज दाबा हं, विसरू नका." रिटा आंटी म्हणाली, "मी तर रोझरी झाली की पाच वेळा दाबते." मी म्हटलं, दाबू नका, प्रत्येक वेळी माझे पैसे जातात! आई चिडली. "म्हणजे आम्ही पोराला मदत पण करायची नाही?"

१० मार्च
रिटा आंटीचा मेसेज — "आज दहा वेळा दाबलं. रागावू नको."
क्लिक बंद.

१२ मार्च
तर मग जागा. पण कुठल्या साइटवर? दुपारभर विचार केला. दुबईला, कॅनडाला गेलेली आमची माणसं रोज न चुकता काय उघडतात? बातम्या नाहीत. वसईच्या साइटवरचं मयताचं पान! कोण गेलं, कुठल्या गावचं, मिस्सा किती वाजता. आईसुद्धा चहाच्या आधी तेच बघते.

दीपेश हसत सुटला. "मयताच्या बाजूला गोड विकतोस?" हसू दे. तिथे माणसं नुसती बघतात. दाबत कोणी नाही!

फोटो मांडवातला हवा होता, सुकेळी हातात घेतलेला. मावशी तयार नाही. "पदर मळलाय. शेजारच्या स्टेफीच्या लग्नातला लाव, त्यात मी बरी दिसते." लावला. भोवती पांढरी चौकट दिली, खाली नाव आणि गाव. अगदी सुबक.

१५ मार्च
जाहिरात लागली. पण मोबाइलवर खालची ओळच कापली जाते! "अस्सल सुकेळी, घरपोच" दिसतच नाही. दाबलं तरच माझा नंबर येतो. वर नुसता फोटो, आणि "आग्नेस मावशी, सांडोर". साइटवाल्याला कळवलं. म्हणतो, सोमवारी बघतो. चार वेळा मोजून-मापून केलं होतं मी!

१६ मार्च, रविवार
लिहायलाही लाज वाटते.

सकाळी सहा वाजता गावातले युजीन अंकल फुलांचा हार घेऊन मावशीच्या दारात. दार मावशीनेच उघडलं. अंकल पायरीवरच बसले. मावशी म्हणाली, "आलास तर चहा घे. हार दे इकडे, फुकट नको जायला." मग शेजारचे आले. मग फोन सुरू झाले. दहाव्या फोनला तिने फोन बंद केला आणि तांदळाच्या डब्यात टाकला. "पोरा, माझ्या आधी माझा फोटो पोचवलास तू!"

आई आधी रडली, मग हसली, मग झाडू घेऊन माझ्या मागे धावली. फादरना मिस्सात सांगावं लागलं की आग्नेस जिवंत आहे. ती पहिल्या बाकावरच बसली होती! टाळ्या पडल्या.

मलाही दिवसभर फोन. एका परदेशी नंबरवरून तीनदा. उचलला की कोणी बोलत नाही, नुसता श्वास. तिसऱ्यांदा मी ओरडलो — ऑर्डर असेल तर मेसेज टाका, लाइन अडवू नका! ठेवला.

१७ मार्च
जाहिरात उतरवली. एकूण ऑर्डर अकरा किलो. त्यातले दोन युजीन अंकलचे, शरमेपोटी. मावशी रागावली नाही, तेच जास्त लागलं. नुसतं म्हणाली, "मांडव उतरला की बांबू कोणाला तरी देऊन टाक."

१८ मार्च
क्लिकही गेलं, जागाही गेली. वहीतले दोन्ही रकाने फाडले.

१९ मार्च, बुधवार
ॲल्रॉय आला. विमानतळावरून थेट, काळा शर्ट घालून, गेटपासूनच रडत. मावशी मांडवात सुकेळी उलटत होती. तिने वळून त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "चपला काढ. ती पलीकडची रांग राहिलीय."

बांबू द्यायचे नाहीत.