बॉयलरवाल्या काकांचा क्लोज-अप

५ जानेवारी
सिनेमा सुरू! विषय: केमिकल फॅक्टरीतली वायुगळती आणि तिच्यात गेलेले कामगार. मालकांनी प्रकरण दडपलं, मी उकरणार. नट एकही नाही, सगळे खरेखुरे कामगार. संकल्प: तडजोड नाही. सिगारेटही बंद.

९ जानेवारी
सिगारेट सुरू. सत्याचा फार ताण येतो.
बॉयलरवाले काका भेटले. गळती झाली तेव्हा दुसऱ्याच्या जागी ड्यूटीवर होते, म्हणून ते तिथे होते हे मालकांना माहीतच नाही. मॅनेजर 'भोंगा वाजवू नका' म्हणाला, ते यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. ऐकणारं दुसरं कुणी जिवंत नाही. बोलायला तयार आहेत. अट एकच: चेहरा दिसता कामा नये. मी छातीवर हात ठेवून शब्द दिला.

१७ जानेवारी
शूटिंगला एक चष्मेवाले गृहस्थ रोज येतात. कोपऱ्यात उभे राहून चौकशी करतात. हा कुठल्या खात्यात, तो कुठे राहतो. सामान्य प्रेक्षकाला एवढी ओढ! कॅमेरामन म्हणतो, साहेब, हा माणूस बरा दिसत नाही. कॅमेरामनला लाइट कळतो, माणसं नाही. गृहस्थांना चहा पाजला.

२० जानेवारी
काकांचा सीन. पहाटेच उरकला, चष्मेवाले बिचारे मुकले. खिडकीकडे पाठ, चेहरा अंधारात. एका दमात बोलले. "भोंगा वाजला असता तर पोरं पळाली असती हो." मी रडलो. छान रडलो.

११ फेब्रुवारी
कॅमेरामन सोडून गेला. म्हणे घरासमोर एक गाडी उभी असते. आमच्याही असते! मी घाबरलो? पार्किंगचे हाल आहेत, दुसरं काय.

२६ फेब्रुवारी
एडिटिंग. काकांच्या शॉटमध्ये सहज उजेड वाढवून पाहिला. काय चेहरा आहे! डोळ्यांखाली भाजल्याचे डाग, ओठ थरथरतायत. हे झाकणं म्हणजे कलेशी गद्दारी. शब्द शूटिंगपुरता होता. एडिटिंगचा विषयच निघाला नव्हता. बायको म्हणाली, त्यांना विचारा तरी. विचारलं तर नाही म्हणतील, म्हणून विचारलं नाही.

२ एप्रिल
पहिला शो. हॉल गच्च. काका ड्यूटीमुळे आले नाहीत. बरंच झालं, सरप्राइज राहील. चष्मेवाले पहिल्या रांगेत, सोबत चार दणकट रसिक. क्लोज-अप आला तसे पाचही जण पुढे सरकून बसले. याला म्हणतात पकड! निघताना चष्मेवाले म्हणाले, "फार स्पष्ट सिनेमा आहे."

३ एप्रिल
एकाही पेपरात एक ओळ नाही. माझा दरारा! आता अटक नक्की. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, निवेदन पाठ केलं. कुणी आलं नाही. सुट्टी असेल.

६ एप्रिल, सकाळ
आले! चष्मेवालेच. कार्ड दाखवलं, पोलीस. मी दोन्ही हात पुढे केले. म्हणाले, "हात कशाला? बसा हो, तुमच्याविरुद्ध काही नाही." जरा अपमानच झाला. निवेदन तोंडातच राहिलं. मग म्हणाले, त्या खिडकीजवळच्या नटानं कमाल केलीय, कोण तो? मी ताठ झालो. म्हटलं, नट कसला, खराखुरा माणूस आहे, त्या दिवशी बॉयलरवर होता! राहतो कुठे, तेही सांगितलं. त्यांनी बाहेर जाऊन फोन केला. मग परत आत येऊन निवांत चहा घेतला, माझ्या पुढच्या सिनेमाची चौकशी केली. माणूस रसिक आहे.

६ एप्रिल, दुपार
बायकोनं आतून सगळं ऐकलं होतं. ते जाताच बाहेर आली ती पांढरीफटक. म्हणाली, "काकांना फोन लावा. आत्ताच्या आत्ता. घर सोडा म्हणावं."
लावला. काकूंनी उचलला. आवाज एकदम खुशीत.
"अहो, ते मघाशीच गेले की! चौघं जण गाडी घेऊन न्यायला आले होते. तुमच्या सिनेमाचंच काम आहे म्हणाले, म्हणून हे ताटावरून उठून निघाले. येतील ना जेवायला परत?"
मी म्हणालो, हो, हो. येतील.