चारशे मीटरवरचं हरीण

१९ जून, न्युरेम्बर्ग
लॉटरी लागली! अमेरिकेत, वायोमिंगच्या उघड्या माळावर, एक प्रॉन्गहॉर्न हरीण मारायचा परवाना. सप्टेंबरात जायचं. नीताला सांगितलं. ती म्हणाली, आधी बाल्कनीतल्या कबुतरांचं काय ते बघ. दुर्लक्ष केलं.
बायकोला काय कळणार, हे सगळं कबीरसाठी आहे. पोरगा पंधरा वर्षांचा झाला. मी मराठीत विचारतो, तो जर्मनमध्ये उत्तर देतो, तेही एका शब्दात. एकदा तरी त्याने मित्रांना सांगावं की माझे बाबा शिकारी आहेत. बस्स.

५ जुलै
संकल्प: चारशे मीटर, एकच गोळी. त्याहून जवळून कोणीही मारेल.
ज्यांच्या क्लासला जाऊन मी याग्डशाइन, म्हणजे शिकारीचं लायसन्स मिळवलं, त्या ब्रांडलसरांना फोन केला. म्हणाले, दीडशेच्या पलीकडे सभ्य माणूस गोळी झाडत नाही, जवळ जा. जुनी पिढी. इथे जंगलात झाडाआड लपता येतं. तिकडे काय, हरणाच्या आड लपू?
उद्यापासून पहाटे पाचला पळायला जाणार.

६ जुलै
पाऊस होता. (नीता म्हणते नव्हता.)

२० जुलै
शूटिंग रेंज. शंभर मीटरवर फर्स्ट क्लास. तीनशेवर दहापैकी दोन लागल्या. एक शेजारच्याच्या टार्गेटला लागली, म्हणजे खरं तर तीन. वारा होता. रेंज बंदिस्त आहे, पण वारा कुठूनही शिरतो.

१० ऑगस्ट
एक्सेल शीट पूर्ण. वारा, तापमान, उंची, उतार, सगळं. ऑफिसात हृषिकेशला दाखवली. त्याने विचारलं, यातल्या कुठल्या सेलमध्ये हरणाने उभं राहायचं? जळतो.

८ सप्टेंबर
आईचा पुण्याहून फोन. बावीसला घट बसतात, चारू, मग नऊ दिवस हातून जीव जाता कामा नये. कबूल केलं. नीता म्हणाली, त्याआधी पितृपक्ष आहे, तो कसा चालतो? आई म्हणाली, पितरांचं मी बघून घेते.
सीझन उघडतो वीसला. म्हणजे मला मिळाले दोन दिवस. नेम पक्का असला की दोन दिवस खूप झाले. हरकत नाही.

२० सप्टेंबर, वायोमिंग
गाइडचं नाव डेल. बोलत नाही. नजर जाईल तिथवर सेजब्रश, गुडघ्याएवढी राखाडी झुडपं. झाड औषधालाही नाही. हरणांना आपण मैलभरावरून दिसतो आणि ती आपली कीव केल्यासारखी बघतात.
सकाळभर रांगलो. दोन्ही गुडघ्यांत निवडुंगाचे काटे. अखेर बरोब्बर चारशेवर कळप. डेल म्हणाला, मारा. मी शीट उघडली. नेटवर्क नाही. शीट क्लाउडवर. कळप गेला.
दुपारी दुसरा कळप. अंदाजाने झाडली. पाठीवरून गेली, तीही चांगली हातभर. डेल म्हणाला, जवळ जाऊ. हा ब्रांडलचा अमेरिकन भाऊ दिसतो.
वैताग, वैताग, वैताग.

२१ सप्टेंबर
शेवटचा दिवस. सकाळी तीन कळप पळाले. दुपारी डेल गाडी आणायला गेला. नीताने दिलेल्या दशम्या आणि चटणी खाल्ली. उन्हासाठी डोक्यावर घेतलेला ओला पंचा झुडपावर वाळत टाकला. जेवणानंतर डाव्या कुशीवर जरा पडलो. वामकुक्षी म्हणजे झोप नव्हे. शिकाऱ्याची नजर ताजी लागते.
उठलो तर माळ रिकामा. सूर्य मावळला. संपलं.
गाडीत डेल पहिल्यांदा हसला आणि लांबच्या टेकाडावरून दुर्बिणीतून काढलेला फोटो दाखवला. मी घोरतोय, पंचा फडफडतोय, आणि वीस पावलांवर भलाथोरला नर. पांढरं काही हललं की या हरणांना राहवत नाही, बघायला येतात म्हणे. हाक का नाही मारली, विचारलं. म्हणाला, पळाला असता. आणि तुम्ही इतके छान झोपला होतात.
असो. माझ्या बंदुकीचा स्कोप लांबचा आहे. वीस पावलांवर त्यात नुसते केस दिसले असते.

२९ सप्टेंबर, न्युरेम्बर्ग
डेलने पाठवलेला फोटो डिलीट केला. कळलं की नीताने तो माझ्या फोनवरून आधीच कबीरला पाठवलाय. रडू यायचं बाकी आहे. पोराला काय तोंड दाखवू?

१४ ऑक्टोबर
आज कबीर आपणहून माझ्या खोलीत आला. बायोलॉजीच्या रेफेराटला, म्हणजे वर्गापुढच्या भाषणाला, त्याला सगळ्यात वरची ग्रेड मिळाली. विषय: जनावरं माणसाला किती जवळ येऊ देतात. कोणापासून धोका आहे आणि कोणापासून मुळीच नाही, हे त्यांना लांबूनच कळतं, असा मुद्दा होता. दुसऱ्या प्रकाराचं उदाहरण म्हणून माझा फोटो. टाळ्या पडल्या.
फोटोतला माणूस कोण, असं बाईंनी विचारलं. माझे बाबा, शिकारी आहेत, असं त्याने अख्ख्या वर्गाला सांगितलं.
सगळ्यात जास्त हशा तिथे झाला म्हणे.