वरणातली गोळी

मंगळवार, जेवणानंतर. जानकीपुरम.

मन थाऱ्यावर नाही. आई वरणात गोळी कुस्करून घालते हे धाकट्या निखिलला कळलं आणि त्यानं घरचं जेवणच सोडलं. स्किझोफ्रेनियात औषध चुकवून कसं चालेल? पण फसवून तरी कुणी बरं होतं का?

आज डॉक्टर म्हणाले, महिन्यातून एकदा इंजेक्शन घ्या. मी समजावू लागलो, तर निखिल इथल्या सवयीच्या हिंदीत म्हणाला, "दादा, यहाँ भाषण मत दो. सुई लगवा लूँगा. बस, आई वरण में कुछ न मिलाए."

आईनं शपथ घेतली. त्यानं दंड पुढे केला.

आत्ता जेवताना त्यानं माझं ताट ओढून घेतलं, स्वतःचं माझ्याकडे सरकवलं. भाषणांनी सभा जिंकणारा मी, याचा विश्वास कशानं जिंकू?

आई मात्र कुजबुजली, "जेवला ना!"