धारेच्या अलीकडून

६ मार्च

चि. टिल्लूस,
अ. उ. आ. मोठ्या बहिणीने पत्राची सुरुवात आशीर्वादाने करायची असते म्हणून केली. मनात आत्ता जे आहे ते लिहिलं तर पोस्टमन पत्राला हात लावणार नाही.

परवा तू आम्हाला अर्ध्या वाटेवरून हाकललंस. ह्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलमधली मंडळी, त्यांच्या बायका, सगळ्यांसमोर तू वनरक्षकाचा गणवेश घालून आपल्या दाजींवर ओरडलास की आत्ताच्या आत्ता चालते व्हा. मी हळू चालते म्हणून मागे होते. तुझा आवाज आधी ऐकला, मग तू दिसलास. काय झालं विचारलं, तर माझ्याकडे न बघता म्हणालास की तूही सगळ्यांबरोबर खाली जा.

टिल्लू, तुला माहीत होतं. ऑपरेशननंतर मी वॉर्डात पडून होते तेव्हा खिडकीतून एवढंच दिसायचं: पिवळा माळ, त्याच्यामागे टेकड्या आणि सगळ्यांच्या वर ती डोंगराची धार. सलाइन संपेपर्यंत मी तिकडे बघत राहायचे. बरी झाले की तिथे उभं राहायचं, हे मी तुलाच सांगितलं होतं, दुसऱ्या कुणाला नाही. त्यासाठी दातांच्या दवाखान्यात कामावर जायच्या आधी इमारतीचे जिने चढले. सुरुवातीला दुसऱ्या मजल्यावर बसकण मारायचे आणि शेजारीण लिफ्टमधून कीव करत जायची. परवा माळ पार केला, पहिली टेकडी चढले, धार अगदी डोक्यावर आली, आणि माझ्या सख्ख्या भावाने मला माघारी पाठवलं.

हे म्हणतात, लाल्याच्या पट्ट्याचं बक्कल निसटलं, कुत्रं जरा गवतात घुसलं, एवढ्यावरून तू डोक्यात राख घालून घेतलीस. गणवेश चढला की माणसं ओळखू येत नाहीत वाटतं.

तुझ्या बायकोला आणि मुलीला भरभरून प्रेम. तुझ्या वाट्याचं सध्या माझ्याकडेच राहू दे.
ताई


१० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र चौकीवर मिळालं. उभ्या उभ्या वाचलं, नंतर बसून वाचलं. दोन्ही वेळा चिडलो. म्हणून चार दिवस थांबणार होतो, पण राग उतरायचं नाव घेईना, तेव्हा आजच लिहितो.

सध्या हरिणी व्यायल्या आहेत. पाडसं पहिले काही दिवस गवतात निपचित पडून असतात. आई मुद्दाम लांब चरते, म्हणजे कोल्ह्या-लांडग्यांना सुगावा लागू नये. लाल्याला लागला. मी धावत पोचलो तोवर त्याने पाडसाला मानेला धरून झटकलं होतं. दाजी मोबाइल समोर धरून उभे होते. त्यांच्या पाहुण्यांपैकी एकजण हसत होता.

आता बक्कलाचं ऐक. पट्टा लाल्याच्या गळ्यात होता. बक्कल निसटलं असतं तर पट्टा साखळीला लोंबकळत राहिला असता. साखळी दाजींच्या खिशात होती, गुंडाळून ठेवलेली. मी विचारलं तर म्हणाले, एवढ्या मोकळ्या जागेत मुक्या जनावराला कशाला बांधून ठेवायचं, थोडं पळेल बिचारं. दिवसभर दुसऱ्यांना ब्रेक शिकवणारा माणूस हे बोलतो.

हरिणी थोड्या अंतरावर पाय आपटत उभी होती. माणसं हलल्याशिवाय ती जवळ येणार नव्हती. म्हणून सगळ्यांना खाली पाठवलं. मी खडकाआड बसलो. ऊन कलल्यावर ती आली. पाडसाला हुंगलं, चाटलं, नाकाने ढकलून उठवायला बघितलं. ते उठलं नाही. तरी ती किती तरी वेळ तिथेच होती.

हे मी तुला त्याच दिवशी फोनवर सांगणार होतो. दाजींनी उचलला आणि तू झोपली आहेस म्हणाले.

तब्येत सांभाळ. रागावलेला असलो तरी तुझाच,
टिल्लू


१४ मार्च

चि. टिल्लूस,
अ. उ. आ., या वेळी खरे.

मी झोपले नव्हते. बाल्कनीत बसले होते, आणि फोन आल्याचं मला कुणी सांगितलं नाही.

लाल्याच्या गळ्यातला पट्टा घरी आल्यावर मीच काढला होता. तुझं पत्र वाचताना ते आठवलं आणि हातातला चहा तसाच ओट्यावर ठेवला. ह्यांना विचारलं. आधी म्हणाले, इतक्या बारीकसारीक गोष्टी कोण लक्षात ठेवतं. मग म्हणाले, खरं सांगितलं असतं तर तुला त्रास झाला असता, तुझ्या तब्येतीला नको म्हणून. टिल्लू, वर्षभर माझ्या तब्येतीच्या नावावर या घरात काय काय खपवलं गेलं ते मी बघतेय. मी एवढंच म्हटलं की माझ्या तब्येतीला खोटं सोसत नाही. तेव्हापासून आमचं बोलणं भाजी आणि गॅस सिलिंडर एवढ्यापुरतं आहे.

पण म्हणून तू सुटलास असं समजू नकोस. चौकीच्या फाटकावर पाटी आहे, कुत्र्यांना मनाई. परत येताना ती मी नीट वाचली. फाटकाचा अडसर तूच वर केलास. दाजी म्हणून केलास ना? आणि माझ्या हातात ना कुत्रं होतं ना साखळी. मला वरच्या अंगाने नेता आलं असतं, निदान थांब म्हणता आलं असतं. तुला ओरडायचं होतं आणि मी समोर आले, बस. दोन पुरुषांच्या रागात माझी धार गेली. एक माझ्याशी खोटं बोलला, दुसऱ्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कुणावर जास्त चिडू ते मला ठरवता येत नाही, म्हणून दोघांवर सारखीच चिडले आहे.

हरिणीचं वाचून रडले. तेवढ्यापुरती तुझ्यावर माया आहे.
ताई


२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पाटीचं लिहिलंस ते खरं आहे. दाजी म्हणूनच अडसर वर केला. त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि मला नाही म्हणवलं नाही. त्याचा राग तुझ्यावर निघाला. तुला वरच्या अंगाने नेता आलं असतं हेही खरं. त्या क्षणी सुचलं नाही, आणि नंतर सुचलं तेव्हा तुम्ही गाडीत बसला होता.

वाट आता बंद केली आहे. पाडसं पायांवर धावायला लागली की एप्रिलअखेर उघडेल. मी सोबत येईन, पाणी मी उचलेन, तू फक्त चाल. वाटेत पाहिजे तेवढं बोल मला.

उत्तराची वाट बघणारा,
टिल्लू


३ मे

चि. टिल्लूस,
अ. उ. आ. मी काल जाऊन आले. तुझ्या सुटीचा दिवस तुझ्या बायकोला विचारून घेतला होता आणि तोच निवडला. तिला बोलू नकोस, मी शपथ घातली होती. मला कुणाच्या सोबतीने, कुणाच्या परवानगीने किंवा कुणाच्या पश्चात्तापाने वर जायचं नव्हतं.

माळावर सकाळी गवत अजून गार होतं. पुढ्यातून चंडोल उडायचे आणि सरळ वर जाऊन गात राहायचे. एक कोल्हा वाटेवर उभा राहून माझ्याकडे बघत होता, जणू तिकीट विचारणार. टेकड्या सुरू झाल्यावर दम लागला. दम लागला की मी तुझ्यावर चिडायचे आणि पंधरा-वीस पावलं निघायची. तू पुरेनासा झालास की ह्यांच्यावर. शेवटच्या चढाला तर त्या लिफ्टमधल्या शेजारणीलाही घेतलं. खरं सांगते, रागावाचून मी पोचले नसते.

आणि मग चढ संपला. एका बाजूला मी चालून आलेला सगळा माळ, त्यावर ढगांच्या सावल्या सरकत होत्या. दुसऱ्या बाजूला टेकड्यांमागे टेकड्या, निळ्या होत होत आभाळात मिसळलेल्या. खाली उतारावर हरणांचा कळप होता, त्यात पाडसं होती, उगाचच उड्या मारत होती. मी दगडावर बसले. चिडायला कुणीच आठवेना. खूप वेळ नुसती बसून राहिले.

उतरले तर फाटकाशी हे गाडी घेऊन उभे. तुझ्या बायकोने ह्यांनाही कळवलं होतं; दोघांशी प्रामाणिक राहायचं ठरवलेलं दिसतं. ह्यांनी विचारलं, कसं होतं वर. मी म्हटलं, मी गाडीत बसते, तुम्ही जाऊन बघून या. कामावरच्या बुटांनिशी गेले. मी मागच्या सीटवर झोपले. परत आले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि पँटला गुडघ्यापर्यंत कुसळं लागली होती. धारेपर्यंत गेलात का म्हटलं, तर म्हणाले नाही, जिथून तुला परत यावं लागलं तिथपर्यंतच गेलो. तिथे गवतात बसून होतो.

माझा राग गेलेला नाही, आणि एवढ्यात जाणारही नाही. पण मागच्या सीटवरून उठले आणि पुढे ह्यांच्या शेजारी येऊन बसले.

रविवारी जेवायला या तिघंही. दार हेच उघडतील. तू खांद्यावर हात ठेवून घेऊ नकोस, आधी जे बोलायचं ते बोलून घे. तुझ्या वाट्याचं प्रेम राखून ठेवलं होतं, ते पूर्ण पाठवते आहे.
ताई